फ्रीडाला सांगितलेल्या खुणा

मंगळवार, १२ मार्च १९९६

कोर्सच्या बाईंनी ही वही दिली. रोज काहीतरी लिहायचं, मनात येईल ते, आणि मी तपासणार नाही म्हणाल्या. बाई पंचवीसच्या असतील, सेंट जॉन्स शहरातल्या. आम्ही स्लेड्स कोव्ह गावचे चौदा दाढीवाले बाप्ये शाळकरी पोरांच्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसतो. सरकारने कॉड धरायला बंदी घातली त्याला येत्या जुलैत चार वर्षं होतील. भत्ता हवा असेल तर शिकायला बसा, असा हुकूम आहे. आज विषय होता 'माझं स्वप्न'. मी लिहिलं, 'मासा'. आमच्याकडे मासा म्हणजे कॉडच, बाकीच्यांना आपापली नावं आहेत. बाई म्हणाल्या, "हेडली, जरा खुलवून लिहा ना." मी लिहिलं, 'पुष्कळ मासा'.

शिसारी आलीय या सगळ्याची. हे मनात येईल ते.

शनिवार, २३ मार्च

खेकड्याचा परवाना आला. आमच्यासारख्या छोट्या होड्यांना यंदा देतायत, तात्पुरता. नेमून दिलेला कोटा भरला नाही तर पुढच्या वर्षी परवाना नाही, असं ठळक अक्षरांत छापलंय.

खेकडा! माझा बाप जाळ्यात खेकडा आला की होडीच्या काठावर ठेवून लाकडी हातोड्याने चेचायचा आणि वर समुद्रात थुंकायचा. पोट पांढरट, पाय नुसते वळवळणारे, बघवत नाही. आता जपानी लोक तो चवीने खातात म्हणे. खावोत बापडे.

पण धरायचा कुणी? सापळे ओढायला दोघं लागतात. अकरा वर्षं माझ्या होडीवर असलेला लुईस घराला फळ्या ठोकून ऑन्टारियोला गेला. आमच्या बाजूला आता फळ्या ठोकलेली सहा घरं आहेत. आमचा डेरिक पार पश्चिमेला अल्बर्टात, तेलाच्या कामावर. आज त्याचा फोन होता. "बाबा, वीक ती होडी नि या दोघं इकडे. तुला गोदामावर रखवालीचं काम मिळेल, आईला हॉटेलात खोल्या आवरायचं."

फ्रीडाने माझ्या हातातून फोन घेतला. "परक्यांच्या गाद्या मी झाडणार नाही रे, डेरिक," म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मी येते होडीत."

रविवार, २४ मार्च

नाही म्हणून सांगितलं. विषय संपला.

मंगळवार, २६ मार्च

संपलेला नाही.

बाई होडीत चढली की होडीचं नशीब फिरतं. हे काही मी ठरवलेलं नाही. किनाऱ्यावर पसरलेलं जाळं आजीने चुकून ओलांडलं, तर आजोबांनी त्या दिवशी होडीच काढली नव्हती. होडीत डुकराचं नाव काढायचं नाही. होडी वळवायची ती सूर्य फिरतो त्या बाजूने. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. फ्रीडा म्हणते, "हे सगळं पाळलंत ना तुम्ही? मग मासा कुठं गेला?"

बायकोशी वाद घालायला बसलो हीच चूक.

एकोणीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात उभी होती, मासे कापत. त्यालाही चार वर्षांपूर्वीच कुलूप लागलं. तेव्हापासून दोघं घरात, एकमेकांची तोंडं बघत. काल मी भांडी घासली. कुणाला दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढून घासली. लिहितानासुद्धा किळस येते स्वतःची.

गुरुवार, ४ एप्रिल

एसाकाका आले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे, सगळा गाव त्यांना काका म्हणतो. माझ्या बापाबरोबर समुद्रावर जाणाऱ्यांपैकी आता हाच एक हयात. वाटलं, हे तरी माझी बाजू घेतील.

"फ्रीडा, तू होडीत जाणार म्हणे?"

"हो काका."

म्हातारा बराच वेळ चहात पाव बुडवत बसला. मी वाट बघतोय, आता फोडतो हिला. तर मलाच म्हणाला, "लोकरीचे मोजे दे रे तिला. बाहेर गार असतं."

झालं! नव्वदीला टेकलेला माणूस आणि एवढंही बोलवेना. आता गावात माझ्या बाजूने बोलणारं उरलंय कोण?

डेरिकचे जुने पिवळे रबरी कपडे तिने कापून आपल्या मापाचे केले. घालून आरशासमोर उभी राहिली, इकडून तिकडून वळून बघितलं. मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. फोडलेली पुष्कळ होती, तरी फोडली.

सोमवार, ६ मे

पहिला दिवस. धक्क्यावर सगळे बघत होते. कुणी काही बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. कुणी बोललंच नाही.

ती ओकावी असं मला मनापासून वाटत होतं. एकदा तोंड हिरवं पडलं की आपोआप घरी बसेल. मी मुद्दाम होडी लाटांना आडवी ठेवली. ही बया आमिषाची सडकी हेरिंग मासळी कापून सापळ्यांत भरत होती, वर गुणगुणत होती. त्या वासाने मलाच मळमळलं.

मग तो बादलीचा प्रकार. दहाच्या सुमाराला म्हणाली, "तोंड फिरव."

"का?"

"का काय विचारतोस! तुम्ही बाप्ये काठाशी उभे राहता. मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, हे असं होतं म्हणूनच बायका होडीत नसतात.

"बादलीपायी?" ती म्हणाली. "इतक्या पिढ्या आम्हाला एका बादलीपायी घरी बसवलंत?" आणि हसत सुटली. मी समुद्राकडे तोंड करून उभा. पन्नाशीला आल्यावर माणसावर काय काय वेळ येते.

खेकडा मात्र भरपूर लागला.

गुरुवार, २३ मे

वास. सांगू नये, पण इथे नाही तर कुठं सांगू? तिच्या केसांत, मानेवर, हातांच्या भेगांत आमिषाचा वास मुरलाय. घासून अंघोळ केली तरी जात नाही. माझ्या बापाला हाच वास यायचा. बापाच्या वासाची बायको! मी उशी उचलली आणि डेरिकच्या खोलीत जाऊन झोपलो.

सकाळी म्हणाली, "सव्वीस वर्षं मी याच वासाशेजारी झोपलेय, हेडली."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

वेगळं म्हणजे वेगळं. त्यात सांगायचं काय!

सोमवार, ३ जून

माझी पाठ धरली म्हणून फ्रीडाने आज बहिणीला मदतीला घेतलं. व्हर्ना. तिच्या जिभेला सगळा गाव टरकून असतो. होडीत पाय ठेवता ठेवता मोठ्यांदा म्हणाली, "डुक्कर, डुक्कर, डुक्कर! हं, चला आता."

फ्रीडा हसून हसून खालीच बसली. मी उतारा म्हणून होडी सूर्याच्या बाजूने दोनदा गोल फिरवली.

"काही पडलं का रे पाण्यात?" व्हर्ना म्हणाली.

आणि हंगामातला सगळ्यात मोठा माल आजच लागला. याचा काही अर्थ लागत नाही.

मंगळवार, १८ जून

खेकडा आटला. सापळे निम्मे रिकामे येतायत. कोट्याचा तिसरा हिस्सा बाकी आणि पंधरा जुलैला हंगाम बंद. कोटा नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर अल्बर्टा. मी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसणार आणि ही गाद्या झाडणार.

चहा ओतता ओतता फ्रीडा म्हणाली, "तुझे बाबा एका जागेला नेहमी शिव्या द्यायचे. तिथे जाळं टाकलं की नुसते खेकडेच यायचे. कुठं रे ती जागा?"

बापाचा खड्डा, समुद्राच्या तळातला. हिच्या बरा लक्षात राहिला! आमच्या घरच्या जागा कुठल्या नकाशावर नाहीत. त्या खुणांनी सापडतात. किनाऱ्यावरची एक वस्तू दुसरीच्या बरोबर रांगेत आली की झाली एक रेघ. तशीच दुसऱ्या बाजूने दुसरी रेघ. दोन्ही मिळतात तिथे जागा. आजोबांनी बापाला सांगितल्या, बापाने मला, भर समुद्रात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना. मी डेरिकला सांगायला गेलो तेव्हा तो मोटारसायकलची चित्रं बघत होता.

त्या आता बायकोला सांगायच्या? म्हणजे उद्या व्हर्नाला कळणार आणि परवा दुकानात.

"आठवत नाही," म्हटलं.

"आठवेल," म्हणाली आणि मला पावावर काकवी वाढली.

गुरुवार, २० जून

सांगितल्या.

म्हणजे, सांगितल्या असं तिला वाटतंय. एक खूण खरी दिली, दीपगृहाची. दुसरी फिरवली. टोपी म्हणून एक बेटुकलं आहे. चर्चचं टोक त्या टोपीच्या बाहेरच्या अंगाला धरायचं असतं, मी आतल्या अंगाला सांगितलं. अर्ध्या मैलाचा फरक. सुकाणू तिच्या हाती देईन, ती सापळे टाकेल, काही मिळणार नाही. मग मी म्हणेन, सर बाजूला, मी नेतो. माझ्याच होडीत माझ्यापाशी काहीतरी राहायला पाहिजे की नको?

तिने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"आतल्या अंगाला?"

"आतल्या."

"बरं."

बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली.

सोमवार, २४ जून

डाव्या हाताने लिहितोय. सापळा ओढायच्या यंत्रात दोराबरोबर उजवा हात गेला. तीन बोटं मोडली. फ्रीडाने सुरीने दोर कापला, नाहीतर मनगटापासून गेला असता. ओरडली नाही, काही नाही, एका झटक्यात कापला. नर्सने सहा आठवडे सांगितलेत. हंगामाचे तीन उरलेत.

बुधवार, २६ जून

नर्सच्या दाखल्यावर माझ्या जागी बदली माणूस नेमता येतो. मत्स्य खात्याच्या साहेबाने कागद काढला. "नाव?" मी तोंड उघडतोय तोवर ही पुढे. "फ्रीडा बर्ट. स्किपर." साहेबाने मान वर करूनही बघितलं नाही, लिहून टाकलं.

तिने स्वतःला स्किपर म्हणवून घेतलं ते जाऊ दे. त्या माणसाला त्यात काहीच वाटू नये? याचीच मला जास्त किळस आली. व्हर्ना तिच्याबरोबर जाणार आहे. माझ्या होडीत दोन बाया, आणि मी घरात.

शुक्रवार, २८ जून

आजचं नीट लिहिणार आहे, कितीही वेळ लागो.

उठलो तर त्या गेलेल्या. टेबलावर चिठ्ठी. 'सगळे सापळे भरून बाबांच्या खड्ड्यावर नेतोय. वाटाण्याचं सूप चुलीवर आहे.' मला हसू आलं. म्हटलं, जा, भटका दिवसभर.

चहा केला, रेडिओ लावला. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा हा रेडिओ तसा फ्रीडाचा. मी समुद्रावर असलो की ती इथे कान लावून बसायची. सगळ्या होड्या एकाच वाहिनीवर बोलतात आणि गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते ऐकू येतं.

बसल्या बसल्या टेबलाच्या मेणकापडावर बोटाने रेघ ओढली. गंमत म्हणून. हे चर्चचं टोक, ही टोपीची आतली बाजू, आता सरळ. जाता जाता बोट थांबलं.

सावत्र आई.

पाण्याखालचा कातळ आहे तो. भरतीला कुठलीही होडी वरून जाते. ओहोटीला त्याच्यावर जेमतेम हातभर पाणी असतं. लाटा असल्या की तिथे फुटतात, पांढरं दिसतं, कळतं. आज समुद्रावर एक सुरकुती नव्हती. माझा चुलता तिथेच गेला, अशाच शांत दिवशी. आमच्यातला प्रत्येक पुरुष तिला वळसा घालून जातो. बायकांना नाव माहीत आहे, जागा माहीत नाही. कधी होडीत घेतलंच नाही तर कळणार कुठून?

घड्याळ बघितलं. ओहोटी तळाला लागत आलेली. आणि होडी सापळ्यांनी भरलेली, पाण्यात खोल बसलेली.

रेडिओचा माइक डाव्या हाताने उचलला. तिच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या गावाशी बोलायचं. आणि देवाशपथ लिहितो, मी थांबलो. किती वेळ, माहीत नाही. नुसतं 'परत फिर' म्हणावं असं मनात आलं. पण ती कारण विचारणार. ती नाही तर व्हर्ना विचारणार. बायको कातळाकडे चाललीय आणि मी बसून शब्द शोधतोय, तेही अब्रू राहील असे. थू!

"फ्रीडा, होडी थांबव."

"का रे? हात दुखतोय?"

"थांबव म्हणतो ना! मी सांगितलेली खूण खोटी आहे. चर्च टोपीच्या बाहेरच्या अंगाला धरायचं, आतल्या नाही. बाहेरच्या! तुम्ही सावत्र आईवर चाललाय."

खरखर झाली. मग काहीच नाही. तीनदा हाका मारल्या. चौथ्यांदा मारणार तोच व्हर्नाचा आवाज आला, नेहमीचा नाही, हळू.

"थांबलोय. मी खाली बघतेय. शेवाळाची पानं दिसतायत, हात घातला तर हाताला लागतील इतकी वर." मग थोडं थांबून, "हेडली, तू खोटी म्हणालास ना? चुकलेली नाही. खोटी?"

वाहिनीवर दहा होड्या, गावात चाळीस स्वयंपाकघरं. एरवी याच वेळी सगळ्यांची बडबड चालते.

"खोटी," मी म्हटलं.



शनिवार, २९ जून

काल उशिरा आल्या. सापळे खऱ्या जागेवर टाकून मगच आल्या. मी दिवसभर तयारी करून बसलो होतो, ती ओरडली की मी काय म्हणायचं. ती ओरडलीच नाही. बूट काढले, हात धुतले, समोर बसली.

"लग्न करून आले तेव्हापासून तुझी होडी बघतेय मी," म्हणाली. "आधी मासे वाळवायच्या माचीवरून, मग कारखान्याच्या खिडकीतून. तुम्ही त्या जागेला गेलात की होडी टोपीच्या पलीकडे दिसायची. कधीच अलीकडे नाही. मला माहीत होतं."

"माहीत होतं तर गेलीस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून. म्हटलं, माझेच डोळे चुकत असतील."

एक थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. मी शेडच्या मागे जाऊन ओकलो. समुद्रावर उभ्या जन्मात कधी ओकलो नव्हतो.

गुरुवार, ४ जुलै

बापाच्या खड्ड्यावर आता नऊ जणांचे बोये तरंगतायत. का नाही येणार? एक रेघ सगळ्या गावाला मीच ओरडून सांगितली, त्या रेघेवर फ्रीडाचे बोये दिसले की झालं. तीन पिढ्यांनी जपलेली जागा, अर्ध्या मिनिटात संपली. दुकानात गेलो की बोलणी थांबतात. मला वाटलं, पुरुष तरी म्हणतील, बरं केलंस, खुणा काय बायकांना सांगायच्या असतात? एकानेही म्हटलं नाही.

एसाकाका दारापर्यंत आले. चहाला आत या म्हटलं, तर आले नाहीत.

"तुझ्या बापाने मलाही खुणा सांगितल्या नव्हत्या," म्हणाले. "तीस वर्षं बरोबर होतो. विचारलं की सरळ नाही म्हणायचा. तुला नाही म्हणता येत नव्हतं?"

आणि काठी टेकत गेले. सगळेच शहाणे झालेत आता.

सोमवार, १५ जुलै

हंगाम संपला. कोटा भरला. पुढच्या वर्षीचा परवाना पक्का, होडी राहिली, अल्बर्टा टळलं. फ्रीडा आणि व्हर्नाने धक्क्यावर केक कापला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी दोघीच जाणार असं त्यांनी आपसांत ठरवलंय. मी सापळे दुरुस्त करायचे आणि आमिष कापायचं. मला कुणी विचारलं नाही.

फ्रीडा रागावलेली नाही. स्वयंपाक करते, माझ्या बोटांचं बँडेज बदलते, रेडिओवर काही विनोद ऐकला तर मला सांगते. डेरिकच्या खोलीतून माझी उशी तिनेच परत आणून ठेवली. आज मी तिच्या शेजारीच झोपणार आहे, वास असो नाहीतर नसो.

फक्त एक झालंय. किटली उकळली म्हटलं, तर ती उठते आणि झाकण उचलून बघते. मागचं दार लावलंय म्हटलं, तर जाऊन कडी हलवून येते. आज सकाळी म्हटलं, धुकं आहे. हातातला पाव खाली ठेवून खिडकीशी गेली, बघितलं, परत येऊन खायला बसली. मला टोमणा म्हणून नाही. तिच्या तिलाही ते कळत नसावं.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "फ्रीडा, मला फार वाईट वाटतंय."

ती सवयीने उठायला गेली. अर्धी उठली, आणि तशीच परत खाली बसली. हे कुठं जाऊन बघणार?